रडू येत असताना ‘आनंद करा’ कसं म्हणायचं?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन इथे घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय. तसल्या मजकुराची पत्रं वरचेवर येतात, म्हणून ते एकदा सविस्तर लिहायचंच होतं. नावं छापलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पत्र पहिलं

मावशी, सलाम. आम्ही पुण्यात घोरपडीला राहतो. गेल्या नाताळाच्या तोंडावर मिस्टरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली. समजतं सगळं, पण ‘हं’ आणि ‘नको’ याशिवाय तोंडातून शब्द फुटत नाही. ते कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होते, आता पगार बंद. मी दोन घरी स्वयंपाकाला जाते, तेवढा वेळ मुलगी कॉलेज बुडवून त्यांच्याजवळ बसते. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, लोक वाईट नाहीत. पण दर रविवारी कुणी ना कुणी म्हणतं, “चेहरा पाडून बसू नका, ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ असं वचन आहे. विश्वास असला की आनंद आपोआप येतो.” मागे महिला मंडळात मला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सर्वांसमोर सांगायला, उभं केलं. दोन वाक्यं बोलले आणि रडायलाच लागले. नंतर एक बाई म्हणाल्या, “साक्ष देवाच्या गौरवासाठी असते, रडगाणं गाण्यासाठी नाही.” तेव्हापासून गीत सुरू झालं की मी नुसते ओठ हलवते. माझा विश्वास खोटा आहे का? आणि ज्या आनंदाबद्दल एवढं बोलतात तो खरंच टिकतो, की ज्यांचं बरं चाललंय त्यांच्याचपुरता असतो?

उत्तर

सलाम, बाळ. नाही, तुझा विश्वास खोटा नाही. खोट्या विश्वासाची माणसं अशी पत्रं लिहीत नाहीत, ती झकास साक्ष देतात.

ज्या वचनाने तुला गप्प बसवलं, ते आधी नीट उघडून बघू. बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय, चौथं वचन: ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा.’ लिहिणारा पौल, येशूचा प्रेषित, तेव्हा कैदेत आहे. पहिल्या अध्यायातच तो आपल्या बंधनांचा पुन्हापुन्हा उल्लेख करतो आणि आपण जगू की मरू हेही त्याला ठाऊक नाही. ज्यांना लिहितोय त्या मंडळीत सगळं आलबेल आहे म्हणावं, तर तेही नाही. या वचनाच्या दोनच वचनं वर तो युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांना नाव घेऊन विनवतो की एकचित्त व्हा. भर मंडळीत वाचायच्या पत्रात दोघींचं भांडण! तेव्हा महिला मंडळातल्या कुरबुरी काही पुण्यातच सुरू झालेल्या नाहीत.

आणखी मागे, दुसऱ्या अध्यायात जा. तिथे एपफ्रदीत नावाचा माणूस आहे. फिलिप्पैच्या लोकांनी कैदेतल्या पौलासाठी मदत गोळा केली आणि ती घेऊन याला पाठवलं. तो आला आणि आजारी पडला, मरता मरता वाचला. त्यावर पौल लिहितो की देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. म्हणजे ‘आनंद करा’ म्हणणारा माणूस एकाच पत्रात कबूल करतो की मला दुःख आहे, आणि आणखी एक आलं असतं तर सोसवलं नसतं. त्याला महिला मंडळात साक्ष द्यायला उभं केलं असतं तर त्याच बाईंनी त्यालाही खाली बसवलं असतं.

पत्राच्या शेवटी शेवटी तो त्या मदतीबद्दल आभार मानतो. मला गरिबीत राहता येतं आणि भरल्या घरातही राहता येतं, असं सांगून लगेच म्हणतो, तरी तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे बरं केलंत. या पत्रातल्या आनंदामागे कुणीतरी आपल्या गाठीचे पैसे काढलेत आणि कुणीतरी ते घेऊन लांबचा प्रवास केलाय. तुझ्या मंडळीला हे वचन फारच प्रिय असेल तर त्यांनी आधी फिलिप्पैकरांनी केलं ते करावं. आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास कुणीतरी तुझ्या घरी येऊन बसावं. मुलीचं कॉलेज बुडायचं थांबेल. रोमकरांस पत्रात साफ लिहिलंय, ‘आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा.’ शोक करणाऱ्याला आनंद करायला लावा, असं मला तरी त्यात कुठे सापडलेलं नाही.

आता रडण्याचं. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी येशू रडला. थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार आहोत हे त्याला माहीत होतं, तरी रडला. गेथशेमाने बागेत शिष्यांना म्हणाला की माझा जीव मरणप्राय दुःखी झाला आहे. स्तोत्रांच्या पुस्तकात तक्रारींचा तर नुसता ढीग आहे. तेरावं स्तोत्र ‘किती वेळ?’ असं विचारतच सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीव्याचा शेवट अंधारात होतो, त्यात समाधानाची एक ओळ नाही. ज्यांनी शास्त्र जुळवलं त्यांनी ते स्तोत्र ‘रडगाणं’ म्हणून वगळलं नाही. तू महिला मंडळात जे केलंस ते त्या स्तोत्रकर्त्याच्या रांगेत बसतं.

हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचं शेवटचं पान मला फार जवळचं वाटतं. तो म्हणतो, अंजिराला फूल आलं नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात दाणा नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरं नाहीत. आपल्याकडे दिवे घाट चढून पुरंदरात गेलं की अंजिराच्या बागा लागतात. तिथल्या कुणालाही विचार, एका हंगामाचं फळ गेलं म्हणजे घरात काय होतं ते. तलाठ्याने पंचनामा करावा तसं हबक्कूक एकेक नुकसान मांडतो, एकही झाकत नाही, आणि मग म्हणतो की तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. तुला लोकांनी पंचनामाच करू दिलेला नाही, सरळ हर्षावर नेऊन बसवलं. रात्री मिस्टर झोपले की तू तो कर. पगार गेला, उजवा हात गेला, माझ्याशी बोलणारा माणूस गेला, मुलीचं वर्ष जाईल की काय. मोठ्याने म्हण. देव चिडत नाही. चिडत असता तर ही पानं शास्त्रात राहिलीच नसती.

तुझा खरा प्रश्न मात्र टिकण्याचा आहे. मला उमगलंय तेवढं सांगते. मिस्टरांचं बोट उद्या हललं तर तुला आनंद होईल, व्हायलाच हवा. पण तो बोटावर टांगलेला असेल. परवा ताप आला की गेला. ख्रिस्ती माणूस ज्या आनंदाबद्दल बोलतो तो आपल्या घरातल्या कुठल्याच गोष्टीवर टांगलेला नाही. ज्याला खिळे ठोकून मारलं तो तिसऱ्या दिवशी उठला, आणि त्याने आपल्याला आपलं म्हटलंय. ती गोष्ट घडून गेली. तुझ्या आजच्या मनःस्थितीने ती मागे फिरत नाही. आनंद वाटणं खालीवर होतं, आनंदाचं कारण आहे तिथेच राहतं. तू ओठ हलवतेस तेव्हा शेजारची बाई गात असते ना? त्या दिवशी तिच्या गाण्यात तुझं गाणं मोजलं जातं, असं मी धरून चालते. मंडळी असते ती त्यासाठीच.

हे मी पुस्तकातून म्हणत नाही. माझी नोकरी वॉर्डात गेली, त्यातली बरीच रात्रपाळीची. नगरकडची एक म्हातारी आमच्याकडे बरेच दिवस होती, पोटाचा कॅन्सर. दिवसभर तिची कुरकुर चालायची. भाताला चव नाही, चादर ओली आहे, डॉक्टरचा हात थंडगार आहे. रात्री राउंड झाला की मला बोलावून एकशे एकविसावं स्तोत्र वाचायला लावायची. मी एखादा शब्द गाळला तर डोळे मिटलेले असतानाच टोकायची. आणि तिच्या उशीखाली ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा असायचा. तिला खाता येत नव्हतं. झाडूवाल्या मावशींचं पोर सकाळी आईबरोबर यायचं, त्याच्यासाठी तो होता. पोर दिसलं की तिचा चेहरा असा काही फुलायचा की बाजूच्या कॉटवरच्या बायका हसायच्या. ती तक्रारखोर होती आणि आनंदी होती. दोन्ही एकाच वेळी, शेवटपर्यंत.

आपल्या पुण्याशी जिचं नातं जडलं त्या पंडिता रमाबाईंचंच बघ. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या वणवणीत गेले, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होतायत न होतायत तोच 1882 मध्ये नवरा गेला, आणि मांडीवर लहानगी मनोरमा. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. ख्रिस्ती झाल्या म्हणून एका बाजूने बोलणी खाल्ली, आणि पाद्र्यांचं सगळं मुकाट ऐकत नाहीत म्हणून दुसऱ्या बाजूनेही. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली केडगावला घेऊन आल्या. ऐकू येणं कमी होत गेलं. 1921 मध्ये मनोरमा गेली. हाताशी आलेली, सगळा कारभार सांभाळणारी एकुलती एक लेक. त्यानंतर वर्षाच्या आत, 5 एप्रिल 1922 ला, रमाबाई गेल्या. तोवर त्या मराठी बायबलच्या भाषांतराचं काम तपासत बसल्या होत्या, साध्या बायकांना वाचता यावं म्हणून. मी पाहिलेल्या एकाही फोटोत त्या हसत नाहीत. तरी दौंडच्या गाडीत बसून एकदा केडगावला उतर आणि मुक्ती मिशनचं आवार बघ. हे पडलेल्या चेहऱ्याच्या बाईने निराशेत उभं केलंय, असं तुला वाटणार नाही.

आता नर्स म्हणून चार गोष्टी, कारण नुसत्या वचनांवर तुला वाटेला लावणं बरं नव्हे.

मिस्टरांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. आधी टाचा आणि माकडहाड बघायचं. तिथली कातडी लाल झाली आणि बोट दाबून सोडलं तरी लाली हटली नाही, तर जखम व्हायच्या बेतात आहे असं समज. लाल भाग चोळायचा नाही. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी. रात्री अलार्म लाव, पण सगळ्या पाळ्या तू एकटीने करू नकोस. भरवताना त्यांना पाठ टेकवून सरळ बसव, आडवं ठेवून पाणी पाजू नकोस. ठसका लागत असेल तर पातळापेक्षा खिमटासारखं दाट बरं पडतं, पण एकदा डॉक्टरांना विचार.

दुसरी गोष्ट मला तुझं पत्र वाचल्या वाचल्या सुचली. उजवी बाजू आणि वाचा एकदम गेली म्हणजे इजा बहुतेक मेंदूच्या डाव्या बाजूला आहे. अशा कित्येक रुग्णांना बोलता येत नाही, पण गाता येतं! पाठ असलेल्या गाण्याचे शब्द चालीबरोबर बाहेर पडतात. स्पीच थेरपिस्ट याचाच आधार घेऊन, वाक्यं चालीत बांधून बोलायला शिकवतात. सगळ्यांना जमतं असं नाही, पण करून बघायला पैसे लागत नाहीत. लहानपणी शब्बाथ शाळेत शिकलेलं, त्यांच्या अगदी अंगवळणी पडलेलं एखादं गीत घे. डाव्या हाताने त्यांना मांडीवर ताल धरू दे. तू हळू सुरू कर, ओळ अर्धी सोड, आणि थांब. घाई करू नकोस. शब्द आला तर तो चमत्कार नव्हे, मेंदूची रचनाच तशी आहे, हे मी आधीच सांगून ठेवते. त्या रचनेबद्दल देवाचे आभार मानायला कुणाची हरकत नाही. आणि देवळात ओठ हलवतेस त्याचं काय करायचं ते मग बघू. घरी त्यांच्यासाठी तुला आवाज काढावाच लागेल. पहिले काही महिने सुधारणेच्या दृष्टीने मोलाचे असतात, म्हणून फिजिओ आणि स्पीच थेरपी पुढे ढकलू नका.

तिसरी गोष्ट. झटक्यानंतर साधारण तीनातल्या एका रुग्णाला नैराश्य येतं, आणि शुश्रूषा करणारंही त्यातून सुटत नाही. झोप उडालीय, जेवणावरची वासना गेलीय, जगू नये असं वाटतंय, यातलं काही दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर डॉक्टरांना दाखव. मधुमेहाची गोळी घेताना आपण विश्वास तपासत नाही, मग याचीच लाज का? सरकारची टेली-मानस ही फोनवरची सेवा आहे, नंबर 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

आणि पाळकसाहेबांना हे पत्र दाखव. साक्षीचं राहू दे, घरी येऊन बसायच्या त्या दोन तासांचं बोल.

पत्र दुसरं

मी सदाशिव पेठेत राहतो, ख्रिस्ती नाही. आमच्या वरच्या मजल्यावर एक मराठी ख्रिस्ती कुटुंब भाड्याने राहतं. त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला. आम्ही भेटायला गेलो, तर शवपेटीभोवती सगळे गाणी म्हणत होते, आईसुद्धा. माझ्या पत्नीला ते विचित्र वाटलं. यांना दुःख होत नाही का? आम्ही पुढे कसं वागावं?

उत्तर

होतं हो, तुमच्याइतकंच. थेस्सलनीकाकरांना लिहिताना पौलाने म्हटलंय की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. शोकच करू नका, असं तो म्हणालेला नाही. मेलेले उठतील, मुलाची पुन्हा भेट होईल, हा आमच्या श्रद्धेचा गाभा आहे, आणि तो सांगायची आमच्याकडे जुनी रीत म्हणजे गाणं.

त्यात एक व्यवहारही आहे. अशा वेळी आईला बोलायला शब्द सुचत नाहीत. पाठ असलेलं गीत असलं की गळ्याला काहीतरी धरायला मिळतं, आणि ती मध्येच थांबली तर बाकीचे ओळ पुढे नेतात. तुमच्या पत्नीने त्या माउलीचा आवाज ऐकला. तो किती वेळा फुटला तेही ऐकलं असेल.

ती गाणी परकीही नाहीत. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) मूळचे ब्राह्मण, कवी. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी पुष्कळ भजनं आणि अभंग लिहिले, देशी चालीत, टाळ-मृदंगावर म्हणता येतील असे. मराठी मंडळ्यांत ती अजून गातात. तुमच्या घरात कुणी वारीला जात असेल तर त्यांना चाल ऐकवा, लगेच मान डोलावतील.

वागायचं कसं? डबा न्या. पहिल्या आठवड्यात सगळे नेतात, तुम्ही तिसऱ्या आठवड्यात न्या. मुलाचं नाव घ्यायला कचरू नका. ‘तो आमच्या दाराशी गाडी लावायचा’ एवढं म्हटलंत तरी चालेल. स्मरणार्थ प्रार्थना ठेवली आणि बोलावलं तर जा, मागच्या बाकावर बसा, गाता आलं नाही तरी कुणी बघत नाही. ‘देवाची इच्छा’ हे मात्र म्हणू नका. ते म्हणणारे आमच्यातच भरपूर आहेत.

पत्र तिसरं

पिंपरीत आमची नवी मंडळी आहे. तिथे साक्ष म्हणजे कुणाला फ्लॅट मिळाला, कुणाला व्हिसा मिळाला. मी दोन वर्षं नोकरी शोधतोय. दर रविवारी घरी येताना आणखी उदास वाटतं. मंडळी सोडू का?

उत्तर

फ्लॅटबद्दल देवाचे आभार मानण्यात गैर काही नाही. फक्त फ्लॅटच मोजले जात असतील तर तिथे पौलाला सदस्यत्व मिळणं कठीण. त्याच्या नावावर बेड्या आणि फुटलेलं जहाज निघेल.

सोडण्याआधी एक करून बघ. पुढच्या वेळी माइक तुझ्याकडे आला तर सांग, “दोन वर्षं झाली, नोकरी नाही, तरी मी आलोय, माझ्यासाठी प्रार्थना करा.” एवढंच, आणि खाली बस. उपासना संपल्यावर बाहेर कोण कोण तुझ्यापाशी येतंय ते बघ. आमच्या अनुभवात तीन-चार जण तरी येतात, हळूच येतात, आणि त्यांचाही व्हिसा आलेला नसतो. त्यांच्याबरोबर चहाला जा. कुणीच आलं नाही, आणि पास्टरांनी तुझ्या विश्वासात खोट काढली, तर दुसरी मंडळी शोध. पिंपरी-चिंचवडात कमी नाहीत. शिक्षण काय आणि कसलं काम शोधतोयस ते लिहिलेलं नाहीस. ते कळव.